‘फ्युरी रोड’ कसा बघायचा: एका टँकरवाल्याचं सांगणं

पाणी यायच्या दिवशी हा सिनेमा लावू नका. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी रात्री एकला, कधी पहाटे चारला. त्या रात्री मोटर लावायला, हौदाचं झाकण सरकवायला, वरची टाकी भरली का बघायला घरातलं कुणीतरी उठतंच. सिनेमा १२० मिनिटांचा आहे. मधे दहा मिनिटं उठून गेलात तर परत आल्यावर कोण कुणाच्या मागं लागलंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, हौद काठोकाठ असताना, जेवणं आटपून रात्री नऊला बसा. हौद भरल्याची निश्चिंती अंगात असली की पहिल्या पंधरा मिनिटांतलं पाणी बघताना पोटात कालवतं, आणि ते कालवणं या सिनेमाला लागतंच.

नाव ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’. मी त्यावर बोलतोय ते १९ वर्षं टँकर चालवलेला माणूस म्हणून. उन्हाळ्यात मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतल्या गावांना सरकारी खेपा, बाकीच्या दिवसांत होटगी रोड आणि विजापूर रोडच्या बांधकामांना पाणी. मणक्याचा त्रास सुरू झाल्यावर स्टिअरिंग सोडलं, आता ट्रकच्या चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचं काम करतो. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन पाठीवर घेऊन गाडी कशी वळते, कशी रुतते, कशी उलटायला बघते, हे मी हातांनी शिकलोय. या सिनेमाचं निम्मं मर्म तिथंच आहे.

२०१५ साली पुतण्यानं मला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा माझ्या हाती काही लागलं नाही. गाड्या, धूळ, किंचाळणी. बाहेर येऊन मी म्हणालो, “नुसता गोंगाट.” दोनेक वर्षांनी पुतणी इंजिनिअरिंगला असताना तिनं लॅपटॉपवर त्यातली दहा मिनिटं आवाज पूर्ण बंद करून दाखवली. म्हणाली, “काका, आता फक्त गाड्या बघा. ड्रायव्हर म्हणून बघा.” त्या दहा मिनिटांत एकदाही माझा गोंधळ झाला नाही. टँकर कुठं आहे, शत्रू कुठल्या बाजूनं येतोय, कुणाच्या गाडीचं काय झालं, सगळं स्वच्छ दिसत होतं. चूक माझ्या बघण्यात होती. त्यानंतर दर मे महिन्यात मी गच्चीवर गल्लीतल्या आठ-दहा जणांना हा सिनेमा दाखवतो. कोण कुठं अडकतं, कुणाला कशानं कळतं, हे बघत बघत ही पद्धत बसली.

आधी थोडी माहिती. दिग्दर्शक जॉर्ज मिलर, ऑस्ट्रेलियाचा. हा माणूस सिनेमात यायच्या आधी डॉक्टर होता आणि अपघातात सापडलेले लोक त्यानं दवाखान्यात तपासले होते. मॅक्सचे आधीचे तीन सिनेमे त्यानंच १९७९, १९८१ आणि १९८५ साली आणले, त्यात मेल गिब्सन होता. ते बघितले नसले तरी काही अडत नाही. इथं मॅक्स आहे टॉम हार्डी, आणि फ्युरिओसा आहे शार्लीझ थेरॉन. जग मोडून पडलंय. सिटाडेल नावाच्या उंच खडकात पाणी आहे, गॅस टाउनला तेल, बुलेट फार्मला गोळ्या. पाण्यावर इमॉर्टन जो नावाचा म्हातारा हुकूमशहा बसलाय. त्याची भरवशाची सरदार फ्युरिओसा पाणी आणि दूध भरलेला टँकर घेऊन तेल आणायला निघते आणि वाटेत गाडी भलत्याच दिशेला वळवते. आत जोनं कोंडून ठेवलेल्या पाच तरुण बायका लपलेल्या असतात. मॅक्स यात कसा सापडतो ते सिनेमाच सांगेल. मी पुढं शेवटापर्यंतचं बोलणार आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी तयारी आणि पहिलं बघणं एवढं वाचून थांबावं आणि बघून मगच परत यावं.

तयारी फार नाही. मोबाइलवर बघू नका, एवढं मात्र ऐका. टीव्ही असला तर उत्तम. आम्ही भाड्यानं प्रोजेक्टर आणतो आणि गच्चीवरच्या टाकीच्या चुना मारलेल्या भिंतीवर पाडतो. मे महिन्यात सोलापूरची गच्ची रात्री नऊला पण तापलेली असते, म्हणून संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारून घेतो. घरात बसणार असाल तर कूलर बंद ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत ढकला, कारण त्याचा घरघराट इंजिनांच्या आवाजात मिसळतो आणि या सिनेमाच्या आवाजाला २०१६ साली दोन ऑस्कर मिळालेत, ध्वनिसंपादनाचं आणि ध्वनिमिश्रणाचं. एकूण सहा मिळाली, नामांकनं होती दहा. इंग्रजीतच बघा. मॅक्स फार थोडं बोलतो, बाकीच्यांचंही बरंचसं हातांनी आणि डोळ्यांनी चालतं, त्यामुळं इंग्रजी बेताचं असलं तरी चालून जातं. माझं बेताचंच आहे. लहान पोरांना मात्र झोपवा. माणसं चाकाखाली जातात, आणि बायकांना जे भोगावं लागतं ते आठ वर्षांच्या पोराला समजावून सांगता येत नाही.

आता पहिलं बघणं. पहिल्यांदा बघताना डोळे पडद्याच्या मधोमध ठेवा आणि तिथून हलवू नका. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मिलर आणि छायाचित्रकार जॉन सील यांनी ठरवूनच महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवलीय. चेहरा असो, बंदूक असो, चाक असो, ते मधेच असतं. एक तुकडा संपून दुसरा लागला तरी तुमच्या नजरेला जागा शोधत फिरावं लागत नाही. याची गरज का पडली ते आकड्यांतून कळतं. सुमारे ४८० तासांचं चित्रण जमा झालं होतं. मार्गारेट सिक्सेल या बाईंनी, म्हणजे मिलर यांच्या पत्नीनं, ते कापून दोन तासांवर आणलं, त्यात २,७०० च्या आसपास तुकडे आहेत. भागाकार केला तर एक तुकडा पावणेतीन सेकंदही टिकत नाही. इतक्या वेगात नजर भटकली की मेंदू थकतो आणि माणूस “गोंगाट” म्हणून मोकळा होतो. माझं तेच झालं होतं.

हे गच्चीवर सांगताना मला नीट जमत नव्हतं. आमच्या गल्लीत एक जण आहे, ३० वर्षं यंत्रमागावर काढलेला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. तो म्हणाला, “धोट्यामागं डोळे फिरवणारा मागवाला दुपारपर्यंत पण टिकत नाही. धोटा जातो येतो. नजर कापडावर ठेवायची.” तेव्हापासून मी एवढंच सांगतो की कापडावर बघा. नव्या माणसाला ते लगेच कळतं, सोलापुरात तर कळतंच.

पहिल्या वेळी बाकी काही करू नका. कोण कुणाचं, कुठली गाडी कुठल्या टोळीची, याचा हिशोब ठेवायला जाऊ नका. सुरुवातीचा मॅक्सला पकडून नेण्याचा भाग फार घाईचा आहे, तो डोक्यावरून गेला तरी जाऊ द्या.

इथं थांबायचं असेल त्यांनी थांबा.

दुसऱ्यांदा बघताना सुरुवातीच्या पाण्याच्या प्रसंगाला सिनेमा तीन वेळा मागं घ्या. मी तो किती वेळा बघितला असेल ते मोजलेलं नाही. खडकाच्या पायथ्याशी शेकडो माणसं उभी आहेत, भांडी वर धरून. जो वरच्या सज्जात येतो, दांडे ओढतो, आणि खडकातून तीन-चार ठिकाणांहून धो धो पाणी कोसळतं. माणसं एकमेकांवर पडतात. भांड्यात जातं त्याच्या कितीतरी पट मातीत जातं. मग तो बंद करतो आणि वर आणखी उपदेश करतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका, मिळेनासं झालं की जीव कासावीस होईल.

पहिल्या फेरीत पाणी बघा. दुसऱ्या फेरीत फक्त जोचे हात बघा, दांड्यावरचे. तिसऱ्या फेरीत खालच्या माणसांची भांडी बघा. काय आहेत, कशाची आहेत, कुणाकडं काहीच नाही.

मंगळवेढ्याच्या भागात एका गावात आम्ही टँकर विहिरीत सोडायचो, कारण साठवायला दुसरं काही नव्हतं. पाइप सोडला की काठावरून पन्नास-साठ बादल्या एकदम खाली जायच्या. बादली बादलीवर आपटायची, निम्मं पाणी भिंतीवर सांडायचं. एकदा एक आजी काठावर नुसती उभी होती. तिच्या दोराचं टोक आत गेलं होतं, बादलीसकट. मी पाइप बंद करून तिला माझी बादली दिली. त्यावर बाकीच्या बायका माझ्यावर ओरडल्या, पाइप का बंद केला म्हणून. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या क्षणी पाण्याची चावी माझ्या हातात आहे आणि त्या बायका माझ्या चेहऱ्याकडं बघून बोलतायत. ती जाणीव चांगली नव्हती. जो त्या जाणिवेवर राज्य करतो. मोडलेल्या जगाचा कुठलाही सिनेमा बघायला घेतलात तर आधी चावी कुणाच्या हातात आहे ते शोधा. ते ज्या सिनेमाला ठाऊक नाही तो दोन तास नुसत्या इमारती पाडत बसतो.

याच फेरीत वजन बघायला शिका. माझा हा सगळ्यात आवडीचा भाग आहे, त्यामुळं जरा लांबेल.

पूर्ण भरलेला टँकर गप्प असतो. रिकामा उड्या मारतो. अर्धा भरलेला सगळ्यात वाईट, कारण तुम्ही वळवून सरळ केला तरी आतलं पाणी अजून वळतच असतं. मोहोळच्या पुढं एका वळणावर माझी गाडी एका अंगाला अशी कलली होती की क्लीनर पोरानं दार उघडून उडी मारायची तयारी केली. तेव्हापासून पडद्यावरची कुठलीही मोठी गाडी वळताना मी तिचं मागचं अंग बघतो. संगणकात बनवलेली गाडी वळते आणि लगेच सरळ होते. तिला मागून कुणी ओढत नाही. फ्युरिओसाचा टँकर वळतो तेव्हा मागचा भाग उशिरा येतो, चाकं धूळ आधी एका बाजूला फेकतात मग दुसऱ्या. कारण ती गाडी खरी आहे. चेक कंपनीच्या टाट्रा ८१५ वर ती बांधलीय, वर जुन्या शेव्हरोलेचं अंग चढवलंय. टाट्राच्या गाड्या आपल्या लष्करातही आहेत, बीईएमएल या सरकारी कंपनीनं जुळवलेल्या. सिनेमासाठी एकूण दीडशेच्या घरात गाड्या तयार केल्या. कला दिग्दर्शन कॉलिन गिब्सन यांचं, त्या कामाला ऑस्कर मिळालं. शेवटी खिंडीत टँकर आडवा होतो तोही खरोखर उलटवलेला आहे. पत्रा कसा दुमडतो ते बघा. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं ते बघून मान खाली घातली. त्यानं तसा पत्रा जवळून बघितला होता.

काठ्यांवर झुलत येणारी माणसं लक्षात ठेवा. धावत्या गाड्यांवर उंच काठ्या रोवलेल्या आहेत, टोकाला माणूस, काठी डोलत डोलत टँकरवर झुकते आणि वरचा माणूस एका बाईला उचलून नेतो. मिलर यांना आधी वाटलं होतं की हे खरं करणं शक्य नाही, संगणकावरच करावं लागेल. स्टंटचे प्रमुख गाय नॉरिस यांनी बुडाला प्रतिभार लावून ते बसवलं आणि करून दाखवलं. सर्कशीत काम केलेले लोकही त्यासाठी घेतले होते. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला गडी एवढी उंच काठी कमरेशी तोलून चालतो, आणि गर्दीतल्या प्रत्येकाची नजर वरच्या टोकावर असते. पण जे जाणतात ते बूड बघतात. तिथला तोल सुटला तर वर काही करता येत नाही. गच्चीवर हा प्रसंग आला की कुणीतरी “काठ्या आल्या” म्हणतंच, आणि मग सगळे बुडाकडं बघतात. पडद्यावरही बूड दिसतं. लपवलेलं नाही.

आता इथं एक चूक टाळा. या सिनेमात संगणक वापरलाच नाही असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. वाळूचं प्रचंड वादळ संगणकातलं आहे. फ्युरिओसाचा डावा हात कोपरापुढं नाही, तो नंतर पुसलाय. सिटाडेलचे खडक वाढवलेत, माणसांना बांधलेले दोर काढलेत. मला त्याबद्दल तक्रार नाही. पायाशी खरी गाडी, खरी माती आणि खरा माणूस असला की वर चढवलेलं चालतं. फक्त वादळाच्या आत गेल्यावर माझं वजनाचं भान सुटतं. तिथं गाड्या पानांसारख्या उडतात. बऱ्याच जणांना तो भाग सगळ्यात भव्य वाटतो, मला सगळ्यात हलका.

जागेबद्दलही थोडं. चित्रण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या माळावर व्हायचं होतं. तिथं असा पाऊस झाला की वाळवंटात फुलं उगवली. मग सगळा पसारा आफ्रिकेतल्या नामिबियात नेला आणि २०१२ साली तिथं चित्रण झालं. रात्रीचा निळा चिखलाचा भाग भर उन्हात चित्रित केलेला आहे, नंतर काळवंडून निळा केला. तोच प्रसंग आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांना सगळ्यात जवळचा वाटतो. टँकर चिखलात रुततो, मागून गोळ्या येतायत, आणि नक्स नावाचं शत्रूकडचं पोरगं तिथलं एकुलतं एक झाड दाखवतं. त्याला साखळी गुंडाळून गाडी ओढून काढायची. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर ज्याची गाडी रुतलीय त्याला कळेल. बाभूळ दिसली की जीवात जीव येतो. जगातलं शेवटचं झाड असलं तरी ड्रायव्हरला आधी दोर बांधायची जागाच दिसते, आणि मिलर यांना ते कळलंय.

तसंच बटणांचं. मॅक्स टँकर पळवून नेतो आणि थोड्या अंतरावर इंजिन बंद पडतं, कारण फ्युरिओसानं ते ठरावीक क्रमानं बटणं दाबल्याशिवाय चालणारच नाही असं करून ठेवलंय. माझ्याही गाडीला सीटखाली एक चोरबटण होतं. म्हणून मॅक्सला तिला सोबत घ्यावं लागतं. कुणी भाषण दिलं नाही, मैत्रीच्या शपथा घेतल्या नाहीत. एका बटणानं दोघांना एका केबिनमध्ये बसवलं.

तिसऱ्यांदा आवाज बंद करा आणि कागद-पेन्सिल घ्या. सलग बघायची गरज नाही, वीस-वीस मिनिटांनी बघा. कागदावर रस्ता काढा. एका टोकाला सिटाडेल, मग मोटरसायकलवाल्यांची खिंड, मग चिखल, मग म्हाताऱ्या बायकांची टोळी भेटते ती जागा, त्यापुढं मिठाचं सपाट मैदान. इथं पेन्सिल उलटी फिरते. ज्या हिरव्या जागेच्या आशेनं फ्युरिओसा निघाली होती ती जागा म्हणजे रात्री मागं टाकलेला तो विषारी चिखलच होता. मॅक्स सांगतो की पुढं काही नाही, पाणी आहे ते मागंच आहे. आणि सगळे आले त्याच वाटेनं परत फिरतात.

ही वळणाची जागा आवाजाशिवाय जास्त लागते. सोलापूर सोडून पुण्याला कामाला गेलेली माझ्या ओळखीची कितीतरी पोरं आहेत. त्यातला एक सुट्टीला आला होता, तो या ठिकाणी कागदावर पेन्सिल टेकवून तसाच बसला. मी त्याला काही विचारलं नाही.

मिलर यांनी आधी संहिता लिहिली नाही. साडेतीन हजारांच्या आसपास चित्रं काढून घेतली आणि त्यांच्यावरून सिनेमा उभा केला. म्हणूनच तो मुका चालतो. तुमचा कागद भरला की त्यांच्या भिंतीवर काय होतं याचा अंदाज येतो.

आता बायकांचं. मी हे पहिल्या दोन फेऱ्यांत धड बघितलं नव्हतं, म्हणून वेगळं सांगतो. सोबत दोन-तीन बायका असल्याशिवाय हा सिनेमा बघू नका. माझ्या बायकोनं दाखवल्याशिवाय मला बंदुकीचा प्रसंग कळला नव्हता. अंधारात गाडी येतेय, थोड्याच गोळ्या उरल्यात. मॅक्स एक मारतो, चुकते. दुसरी मारतो, चुकते. शेवटची उरते तेव्हा तो बंदूक फ्युरिओसाच्या हातात देतो आणि आपला खांदा टेकायला देतो. ती नेम साधते. बायको म्हणाली, “अहो, त्यानं बंदूक दिली आणि वर शिकवायला बसला नाही, हे बघितलं का?” मी नव्हतं बघितलं. तसंच रक्ताचं. सुरुवातीला मॅक्सच्या पाठीवर त्याचा रक्तगट गोंदतात, ओ निगेटिव्ह, आणि जनावरासारखं बांधून त्याचं रक्त दुसऱ्याला चढवतात. शेवटी तेच रक्त तो स्वतःच्या हातानं फ्युरिओसाला देतो, आणि तेव्हाच तिला आपलं नाव सांगतो.

दुसरी गोष्ट शेजारच्या अक्कांनी दाखवली. त्या तेलुगू घरातल्या, चाळीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजाराचा हिशोब. सुरुवातीला काही क्षण ओळीनं बसवलेल्या बायका दिसतात, यंत्र लावून त्यांचं दूध काढलं जातंय, आणि ते दूध पाण्यासारखं विकायला टँकरमधून जातं. सिनेमा पुढं त्यांच्याकडं वळतच नाही. अक्का मात्र दोन तास त्यांचीच वाट बघत होत्या. शेवटी सिटाडेलमध्ये पाणी सुटतं ते कोण सोडतं? त्याच बायका. अक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बघ की रे, त्यांनीच सोडलं.” मी तोवर सहा-सात वेळा बघितला होता आणि मला ते हात कुणाचे हे माहीत नव्हतं.

माझी तक्रार मात्र इथंच आहे. शेवटी पाणी सुटतं ते जो सोडत होता तसंच, उंचावरून, धो धो, मातीत. लोक नाचतात. मला ते बघवत नाही. दांडे तेच, उंची तीच, खाली उभ्या माणसांना नळ नाही, हौद नाही, रांग नाही. हात बदलले, पण वाटप बदललेलं मला दिसत नाही. बायकोचं म्हणणं असं की पहिल्या दिवशी लोकांना भिजू द्यावं, रांग दुसऱ्या दिवशी लावता येते. आमचा हा वाद अजून चालू आहे आणि मी माझ्या जागी ठाम आहे. दुसरी तक्रार, खालच्या गर्दीतला एकही माणूस आपल्या ओळखीचा होत नाही. पाण्यासाठी सगळं घडतं, आणि ज्याला तहान लागलीय तो कोण हे कळत नाही. मॅक्सच्या डोळ्यांपुढं एक लहान मुलगी येत राहते, तिचंही नीट काही कळत नाही. तिच्यावर पाच मिनिटं जास्त खर्च केली असती तर मी वादळातली पाच मिनिटं आनंदानं सोडली असती.

बघून झाल्यावर मत कसं सांगायचं, तेही सांगतो, कारण गच्चीवर खरी मजा तिथं येते. पाचपैकी किती तारे, हे आम्ही बंद केलंय. प्रत्येकानं एकच प्रसंग निवडायचा आणि त्यात आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. “भारी होता” म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, कुठं? “भंकस होता” म्हणणाऱ्यालाही तेच, कुठं? प्रसंग सांगता आला की मत आपोआप येतं आणि दुसऱ्याला त्यावर बोलता येतं. एका पोरानं आग ओकणारी गिटार वाजवणारा सांगितला, ढोलांच्या गाडीवर पुढं बांधलेला तो. त्याला वाटायचं, हा निव्वळ दिखावा. यंत्रमागवाले म्हणाले, “लढाईला वाजंत्री पूर्वीपासून आहे, आंधळा असून तो सगळ्यांना चाल देतोय.” ती गिटार खरी होती, ६० किलोची, आगसुद्धा खरी. पोराचं मत बदललं नाही, पण पुढच्या वर्षी त्यानं त्याच प्रसंगावर आणखी बरंच बोलून घेतलं.

या जातीचे दुसरे सिनेमे बघताना मी चार प्रश्न विचारतो. पाणी कुठून येतं? गाडी बिघडली तर दुरुस्त कोण करतं? लोक काय खातात? आणि जुन्या जगातलं काय काय वापरात उरलंय, कशाच्या कामी? ‘फ्युरी रोड’मध्ये एक म्हातारी पिशवीत बिया सांभाळून फिरते, जिथं जाईल तिथं एक लावून बघते. तिसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मी कुठं बघितलेलं नाही. आमच्या आईकडं ज्वारीच्या बियाण्याचं गाडगं असायचं, राख घालून झाकलेलं. घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावायचा नाही. त्या म्हातारीची पिशवी उघडली तेव्हा मला ते गाडगं दिसलं.

एवढं झाल्यावर हवा तर काळा-पांढरा बघा. ‘ब्लॅक अँड क्रोम’ नावानं २०१६ साली तो निघाला. त्यात वाळूचा केशरी रंग जातो आणि पत्र्यावरचे ठोके, वेल्डिंगच्या रेघा, चेहऱ्यावरचं तेल वर येतं. पत्र्याचं काम करणाऱ्यांनी जरूर बघावा. इतरांनी आधी रंगीतच बघावा.

२०२४ चा ‘फ्युरिओसा’ मात्र शेवटीच ठेवा, जरी कथा आधीची असली तरी. फ्युरिओसाचा हात कसा गेला, ती टँकरवर कशी आली, हे आधी कळलं तर ‘फ्युरी रोड’मधलं तिचं गप्प बसणं वाया जातं. त्यात मधे सुमारे पंधरा मिनिटांचा एक भाग आहे. नवाकोरा टँकर पहिल्यांदा रस्त्यावर येतो, ती पोरगी गाडीच्या पोटाखाली लपलेली असते, आणि वरून-खालून हल्ला होतो. तेवढ्या भागाला ७८ दिवस चित्रण लागलं. ती धावत्या गाडीखाली सरकत सरकत दुरुस्ती करते तिथं मी थांबवून पोरांना जोडणी दाखवतो, कुठला सांधा, कुठली नळी. गेल्या मे महिन्यात तिथंच रात्रीचा एक वाजला, आणि उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी बघितला.